बाहुली की पुतळा?

प्रश्न असा आला आहे: “पॅरिसमधल्या १९४५ च्या एका प्रदर्शनावर लेख लिहिते आहे. तिथल्या नामवंत शिवणघरांनी आपले पोशाख छोट्या मॅनेक्विनना घालून मांडले होते. या ‘छोट्या मॅनेक्विन’ला मराठीत बाहुली म्हणावं की पुतळा? आणि उच्चार मॅनेक्विन की मॅनिकिन?”

उच्चाराचं आधी सांगतो. फ्रेंचमध्ये ‘क्यू-यू’ या अक्षरजोडीचा नुसता ‘क’ होतो. तिथे हा शब्द साधारण ‘मानकँ’ असा ऐकू येतो, इंग्रजीत ‘मॅनिकिन’. ‘मॅनेक्विन’ हे आपण अक्षरं वाचून घडवलेलं रूप. मराठी वर्तमानपत्रांत ते रुळलेलं आहे, पण मी स्वतः ‘मॅनिकिन’च लिहितो.

शब्द मुळात डच. ‘मान’ म्हणजे माणूस आणि ‘केन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणून ‘मानेकेन’ म्हणजे छोटा माणूस. ब्रुसेल्समधल्या शू करणाऱ्या पोराच्या प्रसिद्ध मूर्तीचं नाव ‘मानेकेन पिस’ आहे, तोच हा शब्द. फ्रेंचमध्ये गेल्यावर तो चित्रकारांच्या सांधे वळणाऱ्या लाकडी आकृतीला लागला, मग शिंप्यांच्या सांगाड्याला, आणि एकोणिसाव्या शतकात कपडे घालून दाखवणाऱ्या जिवंत तरुणींनाही. तेव्हा ‘छोटी मॅनिकिन’ म्हटलं की लहानपणा दोनदा सांगितला जातो. मराठीत ते टाळता आलं तर बरं.

आता बाहुली की पुतळा. अशा वेळी मी नामाबरोबर येणारी क्रियापदं बघतो. पुतळा आपण उभारतो, बसवतो, निषेध म्हणून जाळतो. बाहुली नटवतो, सजवतो, नाचवतो, तिचं लग्न लावतो. पुतळ्याला पाहणारे त्याच्यासमोर थांबतात. बाहुलीला मात्र कुणाचा तरी हात लागलेला असतो. कापडदुकानातल्या माणसाएवढ्या आकृतीला आपण ‘पुतळा’ किंवा ‘डमी’ म्हणतो ते योग्यच आहे, कारण ती दारात उभी असते.

‘पुतळा’चं लहान रूप म्हणून ‘पुतळी’ घ्यावी, असंही कुणी म्हणेल. सुरा–सुरी, दांडा–दांडी ही जोडी आपल्याकडे आहेच. पण पुतळी म्हटलं की मराठी कानाला गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवते. तो शब्द सोन्याच्या नाण्याने अडवून ठेवला आहे.

बाहुलीच्या बाजूने एक जुना साक्षीदारही आहे. अमरकोशात ‘पाञ्चालिका पुत्रिका स्याद् वस्त्रदन्तादिभिः कृता’ असं येतं: कापड, हस्तिदंत वगैरेंची केलेली ती पाञ्चालिका किंवा पुत्रिका. पुत्रिका म्हणजे लेकही. साहित्याच्या यादीत कापड पहिलं आलं आहे, हे मला फार आवडतं.

आता तुमचं प्रदर्शन, ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनचं रंगमंदिर. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून मुक्त होऊन काही महिने झाले होते, कापडाची टंचाई होती. युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी पैसा उभा करायचा होता आणि पॅरिसची शिवण जिवंत आहे हेही जगाला दाखवायचं होतं. माणसाच्या एक तृतीयांश आकाराच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या आकृती केल्या, म्हणजे कापडही थोडंच लागलं. चित्रकार एलियान बोनाबेल यांनी त्यांची शरीरं तारेची आखली. शिवणघरांच्या आणि टोप्या-जोडे करणाऱ्या कारागिरांनी त्या मापाचे कोट, टोप्या, पादत्राणं खऱ्यासारखी शिवली. पुढे हे प्रदर्शन अमेरिकेत गेलं, आणि उरलेल्या आकृती आज वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. डोकी घडवली जुआन रेबुल या कॅटलान शिल्पकाराने, प्लास्टरची, आणि चेहरे रंगवलेले नाहीत. ओठ लाल नाहीत, गाल गुलाबी नाहीत. फोटोत नुसता चेहरा पाहिला तर ‘पुतळा’ हाच शब्द तोंडी येतो. तरीही मी बाहुलीच म्हणेन, कारण त्या पोशाख घालण्यासाठी जन्मल्या. शिवाय या कामाला फ्रेंच परंपरेतही बाहुलीच होती: सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसहून परदेशी नवी फॅशन पोचवायला ज्या बाहुल्या पाठवत त्यांना ‘पांदोर’ म्हणत; त्यांत एक थोरली, एक धाकटी, थोरलीच्या अंगावर समारंभाचा वेष आणि धाकटीच्या अंगावर घरचा.

खेळण्यातली बाहुली वाटू नये म्हणून आधी एक विशेषण जोडा. ‘फॅशन-बाहुली’ समजेल, पण मला ‘नमुन्याची बाहुली’ जवळचं वाटतं, कारण शिंप्याकडे आपण नमुनाच घेऊन जातो. ‘ठकी’ मात्र नको. तो शब्द लाकडी बाहुलीचा आहे, आणि तिचे कपडे बहुधा रंगवलेलेच असतात, अंगावरून उतरत नाहीत.

मग तुमचं वाक्य असं होईल: “१९४५ मध्ये पॅरिसच्या शिवणघरांनी आपले नवे पोशाख तारेने घडवलेल्या नमुन्याच्या बाहुल्यांना घालून मांडले.”