अमेरिकेचा किनारपट्टी कायदा फक्त समुद्रालाच लागू आहे, की मिशिगन-ईरीसारख्या सरोवरांच्या काठालाही?

सरोवरांच्या काठालाही लागू आहे, पण पाच 'ग्रेट लेक्स'पुरताच. देशातल्या प्रत्येक तळ्याला नाही. 1972 च्या 'कोस्टल झोन मॅनेजमेंट ॲक्ट'च्या व्याख्येतच ग्रेट लेक्सचं पाणी आणि काठ धरला आहे, म्हणून ओहायो, विस्कॉन्सिनसारखी समुद्र नसलेली राज्यंही 'किनारी राज्यं' ठरतात. गंमत म्हणजे यात राज्यांवर सक्ती नाही. राज्याने आपला किनारा-आराखडा तयार करून केंद्राकडून मंजूर करून घेतला की निधी मिळतो, आणि माझ्या मते त्याहून मोलाचं म्हणजे केंद्राच्या कामांवर वचक मिळतो. केंद्रीय खात्याचा प्रकल्प असो वा केंद्राचा परवाना लागणारं खासगी काम, किनाऱ्यावर परिणाम होणार असेल तर ते त्या आराखड्याशी सुसंगत असावं लागतं. इलिनॉय 2012 मध्ये यात आलं. अलास्का मात्र, एवढा प्रचंड किनारा असूनही, 2011 मध्ये बाहेर पडलं आणि हा वचकही गमावून बसलं.

एक लक्षात घ्या, हा कायदा थेट बांधकामबंदी आणत नाही. पाण्यापासून किती अंतर सोडायचं ते राज्याच्या आणि स्थानिक नियमांवर ठरतं. 1982 च्या 'कोस्टल बॅरियर रिसोर्सेस ॲक्ट'मध्येही (हा किनाऱ्याला लाटांपासून आडोसा देणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांसाठीचा कायदा; 1990 पासून त्यात ग्रेट लेक्सचे काही पट्टे आहेत) घर बांधायला मनाई नाही. फक्त त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकामाला केंद्राचा पूरविमा आणि बहुतेक केंद्रीय अनुदानं मिळत नाहीत. तिथे जागा घ्यायची असेल तर आधी या पट्ट्यांचा नकाशा बघा.