अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी अंडाशयातली बीजं मरायची थांबतात का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, एएमएच (उरलेल्या बीजांचा अंदाज देणारा रक्तातला हार्मोन) कमी आलंय आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन सी, ई आणि कोक्यूटेन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्यात. बीजं मरायची थांबतील का, हा प्रश्न.

थांबणार नाहीत. मी डॉक्टर नाही, पण पशुप्रजननाच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढलीत. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं थर्मासमध्ये, कोमट सलाइनमध्ये यायची. सुई टोचून बीजं ओढून घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडायची. चांगलं बीज ओळखू यायचं, भोवती पेशींचे दाट थर, जसं काही दुलईत गुंडाळलंय. बाकीची उघडी पडलेली, काळपट, कडा कुरतडल्यासारख्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, माल खराब आलाय. पण अंडाशय असंच असतं. मुलगी जन्मते तेव्हा दहा-वीस लाख बीजं, पाळी सुरू होताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आतच विरतात. वाढीला लागलेल्या बीजकोशात, म्हणजे बीज आणि त्याभोवतीच्या पेशींच्या पिशवीत, आधी मरतात त्या बीजाभोवतीच्या पेशी, त्याही ठरवून, एकेक करून. हा बिघाड नव्हे, रोजचा व्यवहार आहे.

मग अँटिऑक्सिडंटचं काय? प्रयोगशाळेतल्या बशीत ते काम करतात, हे खरं. १९९५ मध्ये उंदरांचे बीजकोश शरीराबाहेर वाढवताना अँटिऑक्सिडंटनी पेशींचं मरण रोखलेलं दिसलं होतं. आम्हीही बीजं वाढवायच्या द्रवात सिस्टीअमीन नावाचं रसायन घालायचो, त्याने बीजाच्या आत ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, वाढतं. पण बशीतल्या बीजाला हवेतला २० टक्के ऑक्सिजन सोसावा लागतो, शरीरात तो त्याहून कितीतरी कमी. बशीत जे औषध, ते पोटात औषधच ठरेल असं नाही.

आणि गंमत म्हणजे ज्या मुक्त कणांना (ऑक्सिजनपासून बनणारे, पेशींना इजा करू शकणारे कण; अँटिऑक्सिडंट त्यांनाच आवरतात) आपण शिव्या घालतो, त्यांच्यावाचून बीज बाहेरच पडत नाही. २०११ च्या एका प्रयोगात मादी उंदरांच्या अंडाशयाजवळ अँटिऑक्सिडंट टोचले, तर बीज सुटणंच अडलं. बीजकोश फुटण्याचा निरोप पोहोचवायला ते कण लागतात. बीजकोशाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींचंही तसंच. थोडे कण असले की त्या वाढतात, जास्त झाले की थांबतात. म्हणजे सगळं मात्रेवर. (उंदराची मात्रा माणसाला लावू नका, एवढंच.)

एएमएच हा हार्मोन लहान, वाढत्या बीजकोशांच्या पेशी बनवतात. तो किती बीजं उरलीत याचा अंदाज देतो, ती कशी आहेत याचा नाही. गोळी घेतल्यावर आकडा इकडेतिकडे झाला तर लगेच हुरळू नका, दोन तपासण्यांत तसाही फरक पडतो.

गोळ्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना नावं आणि मात्रा सांगा, विशेषतः ई ची. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती जास्त मात्रेत चालत नाही. आणि सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा. ओढणाऱ्या बायकांची पाळी साधारण एक-दोन वर्षं आधी जाते.