चौथीतला मुलगा वाचनात फार मागे आहे, शाळा बंद करून घरी शिकवलं तर चालेल का? दहावीचं काय?

चालतंय की. आम्ही कोल्हापुरातले, लेकीला तिसरीनंतर शाळेतनं काढली, रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं आणि रविवारी मात्र ठणठणीत. पण त्याआधी डिस्लेक्सियाची, म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचायला-लिहायला जड जातात त्याची, टेस्ट करून घ्या, कारण तो असेल तर नुसतं घरी बसवून काही होत नाही, शिकवायची पद्धतच बदलावी लागते, आधी अक्षराचा आवाज, मग काना-मात्रा, जोडाक्षरं अगदी शेवटी. 2016 च्या दिव्यांग कायद्यात तो आलाय, सर्टिफिकेट असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

दहावीचं टेन्शन घेऊ नका, एनआयओएसमधनं, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा बोर्डातनं, 14 वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, नाहीतर राज्य बोर्डाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा, आहेच, फक्त त्याला किमान पाचवी पास लागते. आणि नाहीच जमलं तर आरटीईमुळं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळं, वयाप्रमाणं वर्गात परत प्रवेश मिळतो, चौदाच्या आत असेल तर.

अभ्यासाला दोन-तीन तास बास होतात वो. हिशेब आम्ही कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना शिकवला, वहीवर रडणारी पोरगी तिथं सुट्टे पैसे मोजून घ्यायला लागली. खरी अडचण वेगळीच, दोघांतल्या एकाला घरी थांबावं लागतं, एक पगार जातो, आणि पाहुणे भेटतील तिथं "नापास झाली काय?" विचारतात. संध्याकाळी ग्राउंडवर पोरांत सोडाच, नाहीतर एकलकोंडं होतं. शाळेचा दाखला मात्र काढून जपून ठेवा, पुढं लागतोच.