मातीच्या धरणाच्या नव्या मालकास

आपण वस्तीच्या पाण्यासाठी ओढ्यावर मातीचे छोटे धरण बांधून घेतले आहे, तेव्हा सर्वप्रथम सांडव्याकडे, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्याच्या वाटेकडे, लक्ष द्यावे, कारण अशी धरणे प्रामुख्याने भरावावरून पाणी गेल्यामुळे किंवा आतून माती वाहून गेल्यामुळे फुटतात. पैठणचे जायकवाडी धरणही मातीचेच आहे, पण त्याला पूर सोडायला २७ दरवाजे आहेत. आपल्याकडे केवळ उघडा सांडवा आहे. मराठवाड्यात दीर्घ उघडिपीनंतर एका रात्रीत ओढा दुथडी भरतो, म्हणून चार दिवसांचे जास्त पाणी अडावे या मोहाने सांडव्यात वाळूची पोती रचणे मला अक्षम्य वाटते.

भरावाचा गाभा काळ्या मातीचा आणि बाहेरचे कवच मुरमाचे असते, ते अशासाठी की काळी माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात उघडी पडली की तिला खोल भेगा जातात. माथ्यावरचा मुरूम धुपला असल्यास मृगाआधी नवा घालून, पाणी शिंपडून चोपून घ्यावा. भरावावर गवत हवे. बाभूळ, सुबाभूळ मात्र रोप असतानाच उपटावी, कारण मोठ्या झाडाची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. घुशींची बिळेही बुजवावीत.

तलाव भरल्यावर पायथ्याशी, विशेषतः भरावाखालून पाणी सोडण्याचा नळ बाहेर पडतो तिथे, रोज पाहणी करावी. स्वच्छ आणि स्थिर पाझरावर नजर ठेवणे पुरते. तो गढूळ झाला किंवा अचानक वाढला, तर खालच्या वस्तीला तत्काळ कळवून, नळाने पातळी सावकाश उतरवत, जाणकार अभियंत्याला त्याच दिवशी बोलवावे.