जेवणातून प्रेम आणि नाती उलगडणारे चित्रपट कोणते? मराठी असेल तर उत्तम.

मराठीच हवा तर आधी सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ (२०१८) बघा. लंडनची नोकरी सोडलेला आदित्य पुण्यात डबे करून देणाऱ्या राधाकडे स्वयंपाक शिकायला जातो. रागावणं, शिकवणं, चाखणं यातूनच दोघं जवळ येतात, पण गोष्ट सरधोपट प्रेमकथेच्या वाटेने जात नाही. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) तुम्हाला कुणीही सुचवेल आणि तो चांगला आहेच. फक्त त्यात इला आणि साजन एकदाही एकत्र बसून जेवत नाहीत, सगळं चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यावर आणि चिठ्ठ्यांवर चालतं. खरोखरच एका टेबलावरचं जेवण हवं असेल तर आंग ली यांचा ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ (१९९४) घ्या: तैपेईतला विधुर आचारी दर रविवारी तीन मुलींसाठी जंगी बेत करतो आणि घरातल्या मोठ्या बातम्या नेमक्या तिथेच फुटतात. हे तिन्ही मी पाहिलेत. असमिया ‘आमिस’ही (२०१९) याच विषयावरचा, विवाहित डॉक्टर आणि संशोधक विद्यार्थ्याच्या मांसाहारी मैत्रीचा, मात्र उत्तरार्ध पोटात ढवळून आणणारा आहे, तेव्हा जेवताना लावू नका.