वाचक विचारतात : करवीरची अंबाबाई

प्रश्न : १ फेब्रुवारीला मुद्दाम कोल्हापूरला किरणोत्सव पाहायला गेलो. किरणं कंबरेपर्यंतही पोचली नाहीत. तारीख चुकली का? यंदा पंचांगात कुठली तिथी बघायची?

उत्तर : पंचांग मिटून ठेवा. मावळत्या सूर्याची किरणं थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव. हा सोहळा सूर्याचा, तिथीचा नाही. म्हणून तो इंग्रजी तारखेला धरून येतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख असा परंपरेचा क्रम. आता मागेपुढे एकेक दिवस धरून पाच दिवस पाहतात. तारखा दोनदा का? २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेचं टोक गाठून मागे फिरतो. जाताना नोव्हेंबरात तो क्षितिजावरच्या ज्या जागी मावळतो, जवळपास त्याच जागी परतताना जानेवारीच्या शेवटी पुन्हा मावळतो.

तुमची तारीख बरोबरच होती, नडलं ते क्षितिज. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचं ऊन महाद्वारातून गरुड मंडपात येतं. मग गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि देवीसमोरचं कटांजन (कठडा) ओलांडून चरणांवर पडतं. तिथून गुडघे, कंबर, खांदे असं वर चढतं. सूर्य जितका खाली, तितकी किरणं आडवी आणि तितकी ती आत मूर्तीवर उंच पोचतात. म्हणजे चरणांना ऊन लागतं तेव्हा सूर्य थोडा वर असतो, मुखावर यायला मात्र तो अगदी टेकायला हवा. नेमकं त्याच पट्टीत धुरकट हवा, बाष्प, ढग आणि पश्चिमेकडच्या इमारतींचे कोपरे असतात. वरून निरभ्र दिसणाऱ्या दिवशीही किरणं गुडघ्याशी विरतात ती यामुळे. म्हणून एकच दिवस धरून जाऊ नका, तीन दिवस हाताशी ठेवा. नोव्हेंबरात साडेपाचला, फेब्रुवारीत सहाला जागा धरलेली बरी. किरणांची वाट मोकळी ठेवतात, आतले दिवे मालवतात. त्या वाटेत उभं राहायचा हट्ट नको.

प्रश्न : अंबाबाई म्हणजे विष्णुपत्नी लक्ष्मी, की दुर्गा? घरात दोन मतं आहेत.

उत्तर : वाद घालण्याआधी मूर्ती नीट बघा. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), वरच्या हातात गदा. डावीकडे वर ढाल, खाली पानपात्र (पिण्याचं भांडं). मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागे सिंह. दुर्गा सप्तशती या देवीच्या पोथीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीची हातांतली आणि मस्तकावरची नेमकी हीच लक्षणं दिली आहेत, आणि ती महालक्ष्मी कुणाची पत्नी नसून त्रिगुणात्मक (सत्त्व, रज, तम हे तिन्ही गुण असलेली) आद्यशक्ती आहे. हातात कमळ नाही, शेजारी विष्णू नाही. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर आहे ते मातुलिंग, म्हणजे शिवलिंगच. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली आणि लक्ष्मी रुसून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, आली, ही कथा लोकांच्या तोंडी आहे. पण ती मूर्तीतून निघत नाही. साडी, मुकुट, दागिने चढल्यावर यातलं बरंचसं झाकलं जातं, त्यामुळे घोळ होतो.

प्रश्न : ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा का फोडतात?

उत्तर : कोल्हासुराला देवीनं मारलं. मरताना त्यानं मागितलं, नगरीला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दे. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष सूड घ्यायला आला आणि योगदंडाच्या जोरावर त्यानं देवांच्या शेळ्यामेंढ्या केल्या. त्र्यंबोलीनं, म्हणजेच टेंबलाईनं, म्हातारीच्या वेषात जाऊन तो दंड काढून घेतला आणि त्याला संपवलं. विजयाच्या सोहळ्यात मात्र तिलाच बोलवायचं राहिलं! ती करवीरकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः समजूत काढायला गेली आणि कोल्हासुराचा वध कोहळा छेदून तिला दाखवला.

तेच दरवर्षी आश्विन शुद्ध पंचमीला घडतं. अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते, कुमारिकेची पूजा होते, तिच्या हातून त्रिशूळानं कोहळा भेदला जातो. मग तुकड्यासाठी जी झुंबड उडते, त्यात लहान मुलांना आणि वयस्कांना नेऊ नका. अंबाबाई आणि त्र्यंबोलीची भेट तेवढी कडेला उभं राहून बघा, तीच खरी बघण्यासारखी आहे.

प्रश्न : मूर्ती कधी हलवली होती का?

उत्तर : हो. धामधुमीच्या, म्हणजे अशांततेच्या, काळात ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती. २६ सप्टेंबर १७१५ला, विजयादशमीच्या दिवशी, करवीरच्या संभाजी महाराजांच्या (शिवरायांचे नातू) कारकिर्दीत तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.