'एन्फोल्ड' वापरायला लागताना

इंग्रजीत लिहिताना 'एन्फोल्ड' (enfold) वापरायचं ठरवलंत, क्रियापद छान निवडलंत, बिनधास्त वापरा. सध्या दोनच अर्थ पक्के करा: कुणाला मिठीत घेणं आणि एखादी गोष्ट सगळीकडून वेढून टाकणं.

'शी एन्फोल्डेड द चाइल्ड इन हर आर्म्स' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. यात 'चाइल्ड' हे कर्म. ते गाळून नुसतं 'शी एन्फोल्डेड' म्हटलं की वाक्य लटकतं. नवीन मंडळी इथे चुकू शकतात. पुढचं 'इन'ही महत्त्वाचं: बाहू, शाल, धुकं, सगळ्यांआधी तेच सुरुवातीला धरून ठेवा. कर्मणी रचना तर याला फारच शोभते: 'द व्हॅली वॉज एन्फोल्डेड इन मिस्ट'.

आता नेहमीच्या गफलती:

- भेटवस्तू कागदात गुंडाळायची तर 'रॅप'. कपड्यांची घडी घालायची तर साधं 'फोल्ड'.
- नवा विचार स्वीकारला असं म्हणायचं तर 'एम्ब्रेस'च हवं.
- मित्राला मिठी मारल्याचं बोलता बोलता सांगताना 'हग' पुरे. 'एन्फोल्ड' कथा-कवितेत खुलतं, गप्पांत जड वाटतं.

कुठे आरंभी 'आय' असलेलं जुनं स्पेलिंग दिसलं तर गोंधळू नका, शब्द तोच आहे. अलंकारिक वापर नंतर बघू. आधी स्वतःची चार-पाच वाक्यं लिहून दाखवा, मी तपासून देतो.